लाईन ठोकते का?

अप्पांच्या मुलाचा, बसवराजचा, फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. शनिवार होता, सकाळचे साडेसात. "साहेब, अप्पा लिंगैक्य झाले," एवढंच तो म्हणाला. म्हणजे गेले. माझ्या अर्ध्या गालाला साबण तसाच... आणि मला पहिल्यांदा जे वाटलं ते इथे लिहूनच टाकतो, कारण अशा लेखांत लोक सहसा पायाखालची जमीन सरकल्याचं लिहितात. माझी जमीन जागेवर होती. मला वाटलं, आता सोमवारी कोणी येणार नाही. सुटलो. मग मी राहिलेली अर्धी दाढी नीट उरकली, तोंड धुतलं आणि सुनंदाला, माझ्या बायकोला, सांगितलं. तिनं मात्र गॅस बंद केला आणि डोळ्यांना पदर लावला. तिला अप्पा आवडायचे.

शिवलिंगअप्पा मूळचे उदगीरकडचे. नांदेडच्या ज्या धर्मादाय दवाखान्यात मी इमारतींची देखभाल पाहिली, तिथे ते माझ्या आधीपासून वाफेच्या लाईनीचे फिटर होते. बॉयलरमधली वाफ पाइपातून मुख्य इमारतीच्या तळघरात आणायची, तिथल्या हीट एक्स्चेंजरमध्ये तिच्यावर पाणी तापवायचं आणि ते वॉर्डांना, स्वयंपाकघराला, धुलाईला पोचवायचं, हे सगळं त्यांच्या हातात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खाकी शर्टाच्या आत गळ्यात लिंग आणि कमरेला खोचलेला एका जुन्या हातोड्याचा दांडा. दांड्याचं एक टोक पाइपावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. आत वाफ आहे की पाणी, आणि पाणी असेल तर कुठवर, हे ते त्यावरून सांगायचे, आणि चुकलेले मी पाहिले नाहीत. माणूस वरून कडक होता पण आतून मऊ होता, असंही लिहायची पद्धत आहे. अप्पा आतूनही कडकच होते. ज्यांना मऊ माणसाबद्दल वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं.

मी लातूरच्या मास्तरांच्या घरातला, नवा नवा इंजिनिअर. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बॉयलरघरात नेलं आणि विचारलं, "साहेब, वाफ दिसती का?" मी छताजवळून निघणाऱ्या पांढऱ्या ढगाकडे बोट केलं. "ते पाणी हाय," अप्पा म्हणाले. "वाफ दिसत न्हाई. दिसली म्हणजे उशीर झाला समजायचं." चार कामगार फिदीफिदी हसले. पुढच्या महिन्यात मी धुलाईच्या नव्या लाईनीचा नकाशा काढून त्यांना दाखवला. पट्टी लावून काढलेली, एका पातळीतली, सुरेख रेघ. वाफेच्या पाइपाला उतार लागतो, नाहीतर गार होऊन झालेलं पाणी आत तुंबून राहतं, हे मी कॉलेजात शिकलो होतो आणि विसरलो होतो. अप्पांनी नकाशा हातात घेतला, "अक्षर लई चांगलं हाय तुमचं," म्हणाले, आणि एका गळक्या जोडासमोर धरला. तिथे डोळ्यांना काहीही दिसत नव्हतं. कागद बघता बघता भिजला, फाटला आणि शाई ओघळत माझ्या बाहीवर आली. "आता उतार आला बघा," ते म्हणाले. मी रात्रभर जळफळलो, पण दुसऱ्या दिवशी उतार देऊन नकाशा काढला. तो आजही बरोबर आहे.

घरीही ते तसेच. बसवराजला त्यांनी बारावीला लातूरला क्लासला ठेवलं होतं, तो गणितात गचकला. अप्पा दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत. मी एकदा त्यांच्याकडे जेवायला होतो. मुलगा समोर पानावर बसलेला, आणि अप्पा बायकोला सांगतायत, "त्याला म्हणावं, भाकर घे अजून." मला तेव्हा गंमत वाटली होती. मी चक्क हसलो होतो.

आता त्या कामाबद्दल. दवाखान्याचा जुना एक्स्चेंजर म्हणजे माणसाएवढं लांब एक आडवं लोखंडी पिंप, आत नळ्यांचा जुडगा. नळ्यांतून पाणी जायचं, बाहेरून वाफ. नांदेडच्या बोअरच्या पाण्यानं त्या नळ्यांत क्षाराचे असे थर बसले होते की करंगळी जाईना. शेवटी ट्रस्टनं नवा एक्स्चेंजर आणि त्याच्या मागची सगळी पाइपलाईन बदलायचं ठरवलं. तीन आठवडे काम चाललं. तेवढे दिवस बाळंतिणींना बादलीनं पाणी पोचवावं लागलं, नातेवाइकांच्या शिव्या मी खाल्ल्या. अप्पा तेव्हा निवृत्तीला आलेले. प्रत्येक जोड त्यांनी स्वतः केला, प्रत्येक पाइपाचा उतार स्वतः मापला. काम झाल्यावर नवीन पाइपावरून असा हात फिरवला की मी तोंड वळवलं, कुणाच्या खासगीत डोकावल्यासारखं झालं. "माझ्या हयातीत ही लाईन ठोकली न्हाई," ते म्हणाले. "ह्याच्यापुढं बी ठोकणार न्हाई."

ठोकणं म्हणजे काय ते सांगतो. थंड पाइपात वाफ एकदम सोडली की तिचं पाणी होतं, मागून येणारी वाफ त्या पाण्याला रेटते आणि ते पुढच्या वळणावर जाऊन आदळतं. घण मारल्यासारखा आवाज येतो. पुरेसा जोर असला तर जोड उडतो. म्हणून वाफ सोडायची ती आधी तळाचा निचऱ्याचा कॉक उघडा ठेवून, वरचा व्हॉल्व्ह बोटभर फिरवून, आणि मग वाट पाहायची. तास लागो, दीड तास लागो. पाइप हाताला चटका देईपर्यंत अप्पा तिथून हलायचे नाहीत.

पण आपल्याकडे कोणतीही गोष्ट सुरू होत नाही, तिचं उद्‌घाटन होतं. अध्यक्षांनी पाहुणे ठरवले, गुरुजींनी पंचांग पाहून अकरा वाजून दहा मिनिटांचा मुहूर्त काढला. व्हॉल्व्हच्या चाकाला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, खाली लाल गालिचा आणि रांगोळी. अप्पा सकाळी आठलाच आले होते. म्हणाले, "साहेब, मी आत्तापासून सोडतो हळूहळू. पाव्हणे येईस्तोवर लाईन गरम होईल. त्यांनी नुस्तं चाकाला हात लावायचा."

मी नको म्हणालो. लाईन आधीच चालू असेल तर पाहुणे उद्‌घाटन कशाचं करणार? फोटोत दाबमापकाचा काटा शून्यावरून चढताना दिसला पाहिजे, असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. शिवाय चाक तापलं तर पाहुण्यांचा हात भाजेल! ही माझी वाक्यं आहेत. अकरा वाजता मला दिसलं की निचऱ्याच्या कॉकमधून गळणारं पाणी रांगोळीकडे चाललंय. मी कॉक बंद करायला सांगितला. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्यो बंद केला तर लाईन मरतीय, साहेब." मागून अध्यक्षांचा आवाज आला, पाहुणे जिन्यावर आले होते. अप्पा जागचे हलले नाहीत. मी वाकलो आणि तो कॉक माझ्या हातानं बंद केला. खाली वाकलेल्या माणसाकडे त्या वेळी कुणाचंच लक्ष नव्हतं, सगळे जिन्याकडे पाहत होते. अप्पा सोडून.

पाहुणे उत्साही होते. नारळ फोडला, आणि चाक एका दमात पुरतं फिरवलं. टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच पहिला ठोका आला. लोकांना वाटलं फटाका. दुसऱ्या ठोक्याला पाइप आधारावरून उचलला गेला, तिसऱ्याला एक्स्चेंजरजवळचा जोड फुटला. सगळे जिन्याकडे पळाले, मीही पळालो. अप्पा उलटे आत गेले. फुटलेल्या जोडाच्या अलीकडे एक छोटा व्हॉल्व्ह होता, तो बंद केल्याशिवाय वाफ थांबणार नव्हती. तो त्यांनी उजव्या हातानं बंद केला... पाहुण्यांच्या सफारीवर चार थेंब उडाले, त्याची हळहळ आठवडाभर चालली.

चौकशीला ट्रस्टचे तीन सभासद बसले होते. अप्पा हाताला बँडेज बांधून समोर उभे. मला खुर्ची दिली होती. एकानं विचारलं, "निचरा बंद कसा होता?" मी म्हणालो, "निचऱ्याकडे बघणं हे फिटरचं काम असतं." यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते वाक्य मी आदल्या दिवशी घरी तयार केलं होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता सांगतील, आणि खरं सांगतो, त्यांनी सांगावं अशी माझी इच्छाही होती, म्हणजे मला सांगावं लागलं नसतं. पण ते सभासदांकडे वळून म्हणाले, "हाव. फिटरचंच काम हाय ते." तेही खोटं नव्हतं. अप्पांना कामावरून काढलं. मी पुढे मुख्य अभियंता झालो.

ते लातूरला बसवराजकडे राहायला गेले. तो तोवर शाळेत मास्तर झाला होता, गणिताचाच. मला वाटलं, मिटलं. दोन महिन्यांनी, महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी पाच वाजता दाराची कडी वाजली. अप्पा. लातूरहून एसटीनं तीन-साडेतीन तास बसून आलेले. दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत बसले. सुनंदा चहा ठेवायला निघाली तर म्हणाले, "चा नको बाई. गरम पाणी द्या नुस्तं." स्टीलच्या ग्लासातलं पाणी त्यांनी उजव्या हातानं उचललं. त्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, कातडी गुलाबी आणि तकतकीत झाली होती. चटका बसत नसावा. सावकाश पाणी प्याले आणि विचारलं, "लाईन कशी हाय?"

"चांगली आहे."

"ठोकती का?"

"नाही."

"बरं," अप्पा म्हणाले. मग त्यांनी सुनंदाच्या गुडघ्यांची चौकशी केली, तिच्या हातचं धपाटं खाल्लं, कौतुक केलं आणि सहाच्या गाडीला गेले.

लाईन ठोकत होती. त्या दिवशी पाइप आधारावरून उचलला गेला तो पुन्हा बसला तेव्हा मधे एका जागी झोळ पडला होता. त्या झोळात पाणी राहायचं. दिवसातून दोनदा, पहाटे आणि चारच्या सुमारास, वाफ सोडली की चार-पाच ठोके. वरच्या वॉर्डातले पेशंट दचकून उठायचे, नर्स त्यांना सांगायच्या, इमारत जुनी आहे. अप्पांनी तो झोळ एका दिवसात काढला असता. मलाही काढता आला असता. पण दुरुस्ती काढायची म्हणजे कारण लिहायचं, कारण लिहायचं म्हणजे ती फाईल उघडायची, आणि फाईल उघडली की कॉकपर्यंत जावं लागतं. मी फाईल उघडली नाही. मी निवृत्त झालो तरी लाईन ठोकतच होती.

अकरा वर्षं अप्पा आले. पहिला सोमवार, पाच वाजता, वेताची खुर्ची, गरम पाणी. टाळेबंदीत एसटी बंद होत्या तेव्हा फोन यायचा, तोही पाचला. तेच दोन प्रश्न, माझी तीच दोन उत्तरं. सुनंदा म्हणायची, किती जीव आहे हो त्यांचा त्या दवाखान्यावर. एकदोनदा मी सोमवारी मुद्दाम बाहेर गेलो. परत आलो तर अप्पा बसलेले, सुनंदाबरोबर गवार मोडतायत. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांना धाप लागायची, दोन पायऱ्या चढून आले की बोलता यायचं नाही. मी म्हणायचो, "कशाला येता एवढ्या लांब?" ते म्हणायचे, "तुम्ही वाट बघून राहिलेले असता."

एकदा मी धीर केला होता. सुनंदा आत होती. मी म्हणालो, "अप्पा, त्या वेळी जरा चूकच झाली."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "कोणाची?"

"म्हणजे... एकंदरीतच."

अप्पा हसले. वीस-पंचवीस वर्षांच्या ओळखीत त्यांना इतकं मोकळं हसताना मी पाहिलं नव्हतं, डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. "एकंदरीत!" ते म्हणाले. "एकंदरीत लई जणांच्या कामी येतो, साहेब." आणि निघाले. पुढच्या पहिल्या सोमवारी पुन्हा हजर. लाईन कशी हाय? ठोकती का? मी म्हणालो, नाही.

फोन आला त्या दिवशी मी आणि सुनंदा लातूरला गेलो. मला एसटीच्या त्या रस्त्यानं जाऊन किती वर्षं झाली होती. दर खड्ड्याला मला धाप लागणारा म्हातारा आठवत होता, आणि त्याचा राग येत होता. वीरशैवांत मयताला निजवत नाहीत, बसवतात. फुलांनी सजवलेल्या खुर्चीत अप्पांना बसवलं होतं, कपाळाला विभूती, डोळे मिटलेले, उजवा हात मांडीवर. दारातून आत पाऊल टाकलं आणि माझं पाऊल तिथेच थांबलं. ते नेहमीसारखेच बसले होते. कुणीतरी मला पाणी आणून दिलं, आणि मी ते प्यायलो नाही.

अकराव्या दिवशी शिवगणाराधना, म्हणजे त्यांच्यातला दिवसांचा विधी, झाली. जेवणं उठल्यावर चार माणसं अप्पांबद्दल बोलली. मी खिशात कागद घेऊन गेलो होतो. कॉक, चौकशी, फाईल, सगळं लिहिलं होतं, या वेळी 'एकंदरीत' न घालता. माझं नाव कुणी पुकारलं नव्हतं, मी आपणहून उठलो. बसवराज शेजारी बसला होता. त्यानं माझी बाही धरली.

"बसा साहेब."

"मला काहीतरी सांगायचंय, बसवराज. सगळ्यांसमोर."

"म्हाईत हाय आम्हाला. पहिल्यापासून म्हाईत हाय." त्यानं आवाज चढवला नाही, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. "अप्पा म्हणून ठेवले होते, साहेब माझ्या मागं बोलाया उठतील. उठले की बसवा. मी जिता असताना अकरा वर्षं येळ दिला, आता मोकळं होऊ देऊ नका."

मी बसलो. म्हणजे पहिल्यापासून हे सगळं घर जाणत होतं. मधल्या वर्षांत बसवराजच्या लग्नात मला पहिल्या पंगतीला बसवलं होतं, त्याच्या बायकोनं वाकून नमस्कार केला होता...

निघताना तो आम्हाला स्टँडवर सोडायला आला. सुनंदा गाडीत चढल्यावर त्यानं पिशवीतून तो हातोड्याचा दांडा काढून मला दिला. कानाकडचं टोक झिजून गुळगुळीत झालेलं. "हे बी तुम्हाला द्या म्हणाले. नांदेडला उतरले की आधी दवाखान्याकडं जायचे. मागच्या रस्त्याच्या भिंतीवरून वाफेचा पाइप गेलाय न्हाई का, त्याच्या आधाराला ही काठी लावून ऐकायचे. चारला वाफ सोडतात ना. मग तुमच्याकडं यायचे."

बसवराज म्हणाला, "माझ्याशी दोन वर्षं बोलले न्हाईत. तुमच्याशी अकरा वर्षं बोलत राहिले. कोणती शिक्षा मोठी, तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच ठरवा." गाडी सुटली.

परतीच्या वाटेत अर्धा रस्ता सरला, अंधार पडला, आणि तोवर मला एवढंच कळलं होतं की मी अप्पांना अकरा वर्षं चुकीचं समजलो. मला वाटायचं ते मला छळायला येतात. छळायला येतच होते, त्यात शंका नाही, तेवढा त्यांचा गुण मी कमी करत नाही. पण कॉकबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांनी अगदी सोपं विचारलं होतं. ठोकती का? हो, ठोकते. एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी त्या लुळ्या बोटांनी पाना उचलला असता, मला खात्री आहे. आणि दर महिन्याला ते ठोके स्वतःच्या कानानं ऐकून यायचे आणि माझ्या तोंडून 'नाही' ऐकून जायचे.

हे छापायला देण्याआधी मी बसवराजला विचारलं. म्हणाला, "लिहा साहेब. अप्पांना आता थोडंच ऐकू येणार हाय."

गेल्या आठवड्यात पहिला सोमवार आला. साडेतीनला मी घरातून निघालो, दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर गेलो. उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी भिंतीवर तो पाइप आहे, खाली लोखंडी आधार. आधारावर एका जागचा रंग उडून चकचकीत टिकली पडली होती. तिथे मी दांडा टेकवला, कान लावला. रसवाला म्हणाला, "ते विभूतीवाले बाबा आले न्हाईत लई दिवसांत." मी म्हणालो, गेले. चारला वाफ आली. एक, दोन... पाच ठोके. दांड्यातून ते कानात येत नाहीत, दातांत येतात.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजत होते. वेताच्या खुर्चीसमोर सुनंदानं स्टीलचा ग्लास ठेवला होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ती ओशाळली. "सवयीनं ठेवला बाई मी," ती म्हणाली. "तुम्ही कुठे गेला होतात?"

"दवाखान्यात."

ती ग्लास उचलायला वाकली, आणि इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकलेलं तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "कशी आहे लाईन? ठोकते का?"

"ठोकते," मी म्हणालो.

ग्लास हातात धरून ती तशीच उभी राहिली. अकरा वर्षांची माझी सगळी 'नाही' तिनंही ऐकली होती.

"कधीपासून?" तिनं विचारलं.